झाडं उभी आहेत तोवरच काय ते ठरवा

चोपडा तालुक्यातल्या एका ताईचं पत्र आलंय. नाव-गाव देत नाही, मजकूर थोडक्यात असा:

"दादा, मी नाशिकला नोकरी करते, लहान बहीण सुरतला दिलेली आहे, भाऊ नाही. वडील तीन वर्षांपूर्वी गेले, माय गावी एकटी असते. सातपुड्याच्या पायथ्याला आमचं साडेचार एकर आहे, बांधावर वडिलांनी 1994 ला लावलेले 46 साग आहेत, शिवाय विहिरीजवळ मोठी चिंच आणि तीन कडुनिंब. विहीर खोल करायची म्हणून साग विकायचा विचार चालू होता, ते कुठून तरी कळून एक लाकडाचा व्यापारी घरी आला. सगळं मिळून ठोक 1 लाख 40 हजार देतो म्हणाला. 'माय, तुले काय कमी देसू का मी, परमिशननी चिंता करू नको' असं म्हणून दहा हजार बयाणा मायच्या हातात ठेवला आणि सहीसाठी एक कोरा स्टॅम्प पेपर ठेवून गेला. मायने पैसे गव्हाच्या कोठीत ठेवलेत, सही अजून केली नाही. आठ दिवसांत मजूर आणतो म्हणतोय. भाव बरोबर आहे का, आणि सही करू द्यायची का?"

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण ते घाईचं आहे. नाही. कोऱ्या कागदावर सही करू देऊ नका, अंगठा पण नाही, आणि हे पत्र वाचून झालं की लगेच मायला फोन करून सांगा की तो कागद कोणी मागायला आला तर "मुलगी आल्यावर बघू" एवढंच बोलायचं, वाद घालायचा नाही. कोऱ्या स्टॅम्पवर नंतर काहीही लिहिता येतं, 46 च्या जागी "बांधावरील सर्व झाडे" लिहिलं की संपलं, आणि "रक्कम पूर्ण मिळाली" अशी एक ओळ जास्तीची टाकली की तुम्ही कुठं भांडणार.

आणि मी एवढं कळकळीनं का सांगतोय ते पण सांगतो. आमचं शेत पारोळ्याकडे आहे, आप्पांनी (माझ्या वडिलांनी) असेच नऊ झाडं ठोक विकली होती, सात बाभळी आणि दोन अंजन. व्यापारी ओळखीचाच, घरी चहा पिऊन गेलेला माणूस, म्हणून कागद नाही, यादी नाही, काही नाही. मी कॉलेजला होतो. सुट्टीत आलो तर बांधावर नऊ नाही तर चौदा खुंट, मी एकेक मोजले. ठिबकची मेन लाइन ट्रॅक्टरखाली चेपलेली. आणि अंजनाची गाडी रात्री नाक्यावर अडवली, कारण वनखात्याचा वाहतुकीचा पासच नव्हता. तिथं तो व्यापारी काय बोलला असेल, "माल शेतकऱ्याचा आहे, शेतकऱ्याला विचारा." आप्पांना जबाब द्यायला किती खेटे घालावे लागले ते मला आठवतंय, शर्टाच्या खिशात सातबारा घडी करून ठेवलेला असायचा, घडीवर फाटून गेला होता तो. त्या माणसाने राहिलेले पैसे कधीच दिले नाहीत. आप्पा भांडले पण नाहीत, फक्त त्या बांधाकडे जाणं कमी केलं त्यांनी.

म्हणून मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो. झाड उभं आहे तोवर सगळं तुमच्या हातात आहे, पहिलं झाड आडवं पडलं की सगळं त्याच्या हातात जातं, कारण पडलेलं लाकूड ना परत उभं करता येतं ना पासाशिवाय हलवता येतं, ते बांधावर पडून राहिलं तर चोरीला जाणार नाहीतर वाळवी लागणार, मग तो जो भाव म्हणेल तो घ्यावा लागतो. तेव्हा भाव, मोजणी, पैसे, परवानगी, नुकसान, सगळं काय ते आत्ता ठरवायचं.

आता परवानगीचं बघू, कारण "परमिशननी चिंता करू नको" या वाक्यातच खरी गोम आहे. साग हे 1964 च्या महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) कायद्याच्या अनुसूचीत येणारं झाड आहे. त्या यादीत चिंच पण आहे, आंबा, मोह, जांभूळ, खैर आणि आमचं अंजन पण. म्हणजे झाड तुमच्या मालकीचं, तुमच्या बांधावरचं, तुमच्या वडिलांनी पाणी घालून वाढवलेलं असलं तरी तोडायच्या आधी परवानगी लागते आणि अर्ज खातेदाराचाच लागतो. मालकीचा प्रश्न नाही हां, महसूल कायद्यात कलम 25 खाली खातेदाराच्या जमिनीतल्या झाडांवर खातेदाराचाच हक्क धरलाय. पण हक्क वेगळा आणि तोडायची परवानगी वेगळी, या दोन्हींत लोक कायम गल्लत करतात. वनविभागाच्या रेंज ऑफिसात अर्ज जातो, सोबत सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा), गटाचा नकाशा, झाडांची यादी घेरासकट, आणि जंगलाला लागून जमीन असेल तर हद्दीची मोजणी मागतात, तुमचं पायथ्याला आहे म्हणून हे आधीच विचारून घ्या. मग वनरक्षक-वनपाल येऊन झाडं बघतात, पंचनामा होतो, मग परवानगी. तोड झाल्यावर नगांची (ओंडक्यांची) मोजणी होते, हातोड्याचा शिक्का पडतो आणि मग वाहतुकीचा पास मिळतो, त्या पासावर किती नग, किती माल, कुठून कुठं आणि किती तारखेपर्यंत ते सगळं असतं.

आता तुम्हीच सांगा, हे सगळं आठ दिवसांत होतं का? नाही होत. मग जो आठ दिवसांत मजूर आणतो म्हणतोय त्याच्या डोक्यात काय चाललंय? एकतर परवानगी न घेताच तोडायची, नाहीतर दुसरा प्रकार जो अजून वाईट आहे आणि सातपुड्याच्या कडेला जास्त चालतो. तुमच्या नावावर पास काढायचा, यादीत झाडं आणि घेर फुगवून लिहायचे, आणि त्या पासावर तुमच्या मालासोबत जंगलातून चोरून तोडलेला साग बाहेर काढायचा. कागदावर तो सगळा माल तुमच्या मायचा. धाड पडली तर नाव मायचं. म्हणून धावपळ हवी तर त्याला करू द्या, बरेच व्यापारी करतात आणि त्यात चूक काही नाही, पण अर्जावर सही करायच्या आधी यादीतला प्रत्येक आकडा तुमच्या वहीशी जुळवा, आणि अर्जाची पोच, परवानगीची आणि पासाची झेरॉक्स तुमच्या घरात पाहिजे म्हणजे पाहिजेच.

आणि सातबारा काढून बघा आधी. वडील गेल्यावर वारस नोंद झालीय का? झाली असेल तर माय, तुम्ही आणि सुरतवाली बहीण अशी तीन नावं असतील, मग तिघींची संमती लागते, एकट्या मायच्या सहीवर झालेला व्यवहार उद्या तुम्हा बहिणींमध्येच भांडण लावू शकतो. नोंद झाली नसेल तर आधी ते काम तलाठ्याकडे करा. जमीन भोगवटादार वर्ग 2 आहे की 1 तेही तिथंच कळतं, वर्ग 2 (म्हणजे विकायला सरकारची परवानगी लागणारी) किंवा वनपट्टा (वनहक्कात मिळालेली जमीन) असेल तर पुढं जाऊच नका, आधी तहसीलला विचारा. झाडांची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर बांधावरची झाडं म्हणून टाकता येते, ती नसेल तर टाका, उपयोगाला येते. अजून एक, साग नेमके कुणाच्या बांधावर आहेत? सामाईक बांध असेल तर शेजाऱ्याशी आधी बोला, आपल्याकडं बांधावरून किती पिढ्या बोलत नाहीत ते तुम्हाला मी सांगायला नको.

(हे वाचणारे पावरा, भिल, तडवी भाऊ-बहिणी असतील त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. आदिवासी खातेदाराच्या झाडांना 1969 चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात व्यापाऱ्याला परस्पर झाडं विकता येत नाहीत, जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करून वनविभागाच्या मार्फत ते होतं आणि पैसे खातेदाराला मिळतात. धडगाव-अक्कलकुव्याकडं कुणी दारात येऊन रोख देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.)

आता भाव. ताई, 1 लाख 40 हजार बरोबर की चूक हे मी इथं बसून सांगू शकत नाही आणि जो झाड न मोजता सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण तुम्ही स्वतः काढू शकता, अवघड नाही. या शनिवार-रविवारी गावी जा, शिवणकामाचा टेप घ्या, एक वही आणि ऑइलपेंटचा छोटा डबा. प्रत्येक सागाला छातीच्या उंचीवर, साधारण साडेचार फुटांवर, टेप गुंडाळून घेर इंचात मोजा. मग खोड सरळ किती फुटांपर्यंत गेलंय, पहिली जाड फांदी कुठं फुटलीय, ते अंदाजानं लिहा, बांबूवर खुणा करून खोडाला उभा लावला की अंदाज बरा येतो. झाडावर नंबर टाका, 1 ते 46, खाली बुंध्याशी पण एक ठिपका द्या म्हणजे तोडल्यावर खुंटावर तो राहतो आणि कुठलं झाड गेलं ते कळतं. आमच्या आप्पांनी हा ठिपका दिला असता तर त्या जास्तीच्या पाच झाडांवरून बोलता तरी आलं असतं.

लाकूड घनफुटात विकतात आणि गोल लाकडाचा हिशोब असा असतो: मधला घेर इंचात घ्यायचा, त्याचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला फुटातल्या लांबीनं गुणायचं आणि 144 नं भागायचं. मधला घेर 36 इंच आणि लांबी 10 फूट असेल तर चौथा भाग 9, वर्ग 81, गुणिले 10 म्हणजे 810, भागिले 144, आले 5.6 घनफूट. खरं तर त्या लाकडात सात घनफुटाच्या वर माल असतो, या हिशोबात शंभरातले साधारण 21 आपोआप कटतात. बाजारात ही पद्धत सर्रास चालते, भाव पण त्याच हिशोबानं बोलला जातो, त्यामुळं त्यावर भांडू नका, पण कुणी त्याच्यावर अजून "घट" म्हणून काही कापायला लागला तर मात्र सांगा की घट आधीच गेलेली आहे. साल काढून मोजायची की सालीसकट तेही आधी बोलून घ्या.

खरी मारामारी टेप कुठं लावला यावर होते. मजुरांचा मुकादम टेप शेंड्याकडच्या बारीक टोकाला लावतो आणि पटकन आकडा ओरडतो. मघाशी हिशोब केला त्याच लाकडाचं बारीक टोक 30 इंच असेल तर तोच हिशोब 3.9 घनफूट येतो. एका नगात 1.7 घनफूट गेलं, काही दिसलं पण नाही. त्यामुळं लांबीच्या मध्यावर खडूनं खूण आणि तिथंच टेप, हे कागदात लिहा.

खुंटाचं पण तसंच. उभ्यानं कटर मशीन चालवायला सोपं म्हणून मजूर गुडघ्याच्या वर तोडतात, दोन फूट खुंट सोडतात. झाडाचा सगळ्यात जाड, गाभ्याचा भाग तोच असतो. 40 इंच घेराच्या झाडाला दोन फूट खुंट राहिला तर जवळजवळ 1.4 घनफूट जमिनीत राहिलं, आणि 46 झाडांचं धरा, साठ घनफुटाच्या वर जातं. जमिनीलगत, तिरका, स्वच्छ काप घ्यायला लावा. दुसरा फायदा असा की साग बुंध्यापासून फुटतो, काप खाली आणि नीट असेल तर फुटवे जोमानं येतात, त्यातले एक-दोन सरळ ठेवून बाकी काढून टाकले की रोप न लावता नवीन साग उभा राहतो. वडिलांची झाडं अशी परत येतात, मला हे फार मोलाचं वाटतं म्हणून सांगितलं.

तर वहीतल्या 46 झाडांचा हिशोब लावा. समजा सरासरी झाडामागं 5 घनफूट आलं, तर 230 घनफूट होतात, आणि 1 लाख 40 हजार भागिले 230 म्हणजे घनफुटाला साधारण 609 रुपये पडतात. आता हा आकडा घेऊन जवळच्या दोन-तीन सॉ मिलवाल्यांना विचारा, तळोदा-शहाद्याकडं फोन लावा, तळोदा तर इंग्रजांच्या गॅझेटिअरच्या काळापासून लाकडाच्या बाजाराचं गाव आहे, आणि वनविभागाच्या डेपोत जे लिलाव होतात तिथं त्या घेराच्या सागाला काय भाव निघाला ते चौकशी करून घ्या. एक लक्षात ठेवा, बांधावरच्या सागाला चारी बाजूनं ऊन मिळतं म्हणून फांद्या जास्त, म्हणजे गाठी जास्त, त्यामुळं जंगलातल्या सरळसोट मालाइतका भाव मिळणार नाही, तेवढं सोडून द्यावं लागतं. तोड आणि वाहतूक कुणाच्या खर्चानं यावर पण भाव हलतो. पण निदान तीन माणसांनी झाडं बघून भाव सांगितल्याशिवाय कुणालाच हो म्हणायचं नाही. एकच माणूस दारात असतो तेव्हा भाव तो ठरवतो, तिघं असले की आपण.

आणि त्याच्या ठोक भावात चिंच आणि तीन कडुनिंब चक्क फुकट चाललेत हे तुमच्या लक्षात आलं का? चिंचेचं लाकूड घट्ट, खाटकाच्या ओंडक्याला आणि घाण्याला चालतं, त्याला वेगळा भाव असतो. कडुनिंबाचे चौकटी-दरवाजे होतात. जे विकायचं त्याचा भाव वेगवेगळा लावा. माझं स्पष्ट मत, चिंच विकूच नका. दरवर्षी चिंचा देणारं झाड, विहिरीजवळ सावली, आणि मायच्या हातात चार पैसे येतात कुणाला न विचारता.

सगळे साग पण का विकायचे? विहिरीला किती लागतात तो आकडा काढा आणि तेवढीच जाड झाडं विका. बारीक झाडं वासे-बल्ल्या म्हणून नगावर जातात, तिथं काही हाती लागत नाही. आणि हिशोबात घेराचा वर्ग असतो ना, त्यामुळं 30 इंचाचं झाड 36 इंचाचं झालं की घेर वीस टक्के वाढतो पण माल 44 टक्के वाढतो, शिवाय जाड मालाला घनफुटाचा भाव पण जास्त. बारीक झाडं थांबवून ठेवली तर तोटा काहीच नाही, साग म्हणजे केळीचा घड नाही की आज नाही कापला तर पिवळा पडेल. "आज नाही तर भाव उतरेल" असं बोलून घाई लावतात, त्या घाईला बळी पडू नका.

व्यापारी ठरला की मग 500 च्या स्टॅम्पवर करार, आणि कोरा नाही, पूर्ण लिहिलेला, तिघींनी वाचलेला. त्यात नंबरासकट झाडांची यादी जोडा, यादीबाहेरचं झाड तोडलं तर त्याची किंमत किती तेही लिहा. मोजणी शेतात, गाडी भरायच्या आधी, तुमच्या माणसासमोर. फांद्या आणि सरपण कुणाचं. ठिबक, पाइपलाइन, बांध, शेजाऱ्याचं पीक यांचं नुकसान कुणी भरायचं. मजुराला इजा झाली तर जबाबदारी व्यापाऱ्याची. वरून महावितरणची लाइन जात असेल तर वायरमनला सांगून लाइन बंद केल्याशिवाय त्या झाडाला हात लावायचा नाही, हे अक्षरशः लिहून घ्या, यात माणसं गेलीत. कामाला रब्बी निघाल्यानंतर आणि पावसाच्या आधीची तारीख द्या, जमीन कोरडी असते, गाडी रुतत नाही. आणि पैसे खात्यावर, हप्त्यानं, ज्या गाडीत जेवढा माल तेवढे पैसे गाडी बांधावरून हलायच्या आधी. "मिलवर मोजून उद्या पाठवतो" हे ऐकायचंच नाही, गाडी एकदा हायवेला लागली की उद्या उगवत नाही.

मोजणीच्या दिवशी तुम्ही स्वतः या, रजा टाकून या. माय एकटी असली की ते आकडे भराभर ओरडतात. तुम्ही वही घेऊन शेजारी उभ्या राहिलात, प्रत्येक नगाचा घेर आणि लांबी लिहून घेतलीत तर आवाज आपोआप खाली येतो, मी स्वतः बघितलंय. बाईमाणसाला लाकडातलं काय कळतं असं कुणी बोललं तर उत्तर देऊ नका, टेप परत लावायला सांगा.

त्या दहा हजारांचं असं करा. मायला सांगा ते कोठीत आहेत तसेच राहू द्यायचे, त्यातलं शंभर रुपये पण मोडायचं नाही. तुम्ही गेल्यावर पोलीस पाटील किंवा भाऊबंदातला एखादा मोठा माणूस सोबत बसवून व्यापाऱ्याला बोलवा, पैसे परत द्या आणि परत मिळाल्याचं दोन ओळीत लिहून सही घ्या, ऑनलाइन पाठवता आले तर अजून चांगलं, पुरावा राहतो. कोरा स्टॅम्प त्याच्यासमोर आडवी रेघ मारून परत करा. गोडीनं बोला, त्याला पण सांगा की झाडं मोजून झाल्यावर तुम्ही पण भाव द्या, परवानगी आमच्या नावानं रीतसर काढू. खरा धंदा करणारा असेल तर तो परत येईल.

मोजणीची वही झाली की पानांचा फोटो काढून मला पाठवा, नंबर, घेर, लांबी एवढंच पाहिजे. मी एकेका झाडाचा आकडा लावून देतो आणि कुठली झाडं आत्ता विकायची, कुठली थांबवायची ते पण खुणा करून देतो.